लिस्बन, दिवस दुसरा : नकाशात सपाट दिसणारं शहर

दिवस पहिला, शुक्रवार

यात सांगण्यासारखं फार काही नाही. मुंबईहून निघालो, मधे एका विमानतळावर चार तास बसून काढले आणि लिस्बनला पोचेपर्यंत रात्रीचे दहा वाजले. खोली मार्टिम मोनिझ चौकाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बुकिंग करताना मी खोलीचे फोटो बघितले, जिन्याचे बघितले नाहीत, त्यामुळे नवऱ्याने दोन बॅगा आणि मी एक बॅग असं वर चढवलं आणि आई आमच्या मागून प्रत्येक वळणावर थांबत "येते, येते" म्हणत आली. घरमालकीणबाईंना इंग्रजी यथातथाच. किल्ली हातात ठेवत "शाव, शाव" म्हणाल्या तर आई धापा टाकत म्हणाली, "चावी म्हणतायत." मी म्हटलं असं कसं असेल. तर तसंच होतं.

आता हे का सांगतेय, तर आम्ही वसईचे. १५३४ ते १७३९, दोनशे पाच वर्षं पोर्तुगीज आमच्या गावात होते, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा गेले. लहानपणापासून शाळेच्या सहलीला तोच किल्ला, पाहुणे आले की तोच किल्ला, आईने तर तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला तो त्याच किल्ल्याच्या जिवावर. त्यामुळे पॅरिस-स्वित्झर्लंड सोडून ती "मला त्यांचं गाव बघायचंय" म्हणाली तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही. प्रश्न फक्त तिच्या गुडघ्यांचा होता.

दिवस दुसरा, शनिवार

नवऱ्याने आदल्या रात्रीच फोनवर सगळा रूट बनवून ठेवलेला. इथून तिथे सात मिनिटं, तिथून पुढे नऊ, मग बारा, सगळं कसं जवळजवळ, "अख्खं जुनं शहर चालत होतं बघा आई." पहिली सात मिनिटं खरंच सपाट होती, त्यामुळे आम्ही फसलो.

रोसिओ चौकात साडेआठला पोचलो. रात्री पाऊस पडून गेलेला, नोव्हेंबरचा पहिलाच आठवडा. या चौकाची फरशी म्हणजे पांढऱ्या-काळ्या दगडांच्या लाटा, १८४८-४९ साली घातलेल्या. याच लाटा पुढे ब्राझीलमध्ये कोपाकबानाच्या किनाऱ्यावर गेल्या. फोटोत छान दिसतात, पण वरून चालताना जमीन हलतेय असं वाटतं आणि ओल्या असल्या की पावसाळ्यातल्या आमच्या विहिरीच्या काठासारख्या निसरड्या. आईने माझा दंड जो धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

चौकाच्या कडेला एक माणूस हे काम करत बसलेला दिसला, मग काय, आम्ही दहा मिनिटं तिथेच. बुटक्या स्टुलावर बसलेला, बाजूला चुनखडीच्या दगडांचा ढीग. डाव्या तळहातावर दगड घ्यायचा, उजव्या हातातल्या छोट्या हातोडीने टक टक दोन ठोके, दगड बरोबर पाहिजे त्या कोनात फुटतो, तो वाळूच्या थरात बसवायचा, वरून एक ठोका. मोजपट्टी नाही, काही नाही. हातावर फोडताना बोटं कशी वाचतात देव जाणे. आई म्हणाली, "मेस्त्री आहे हा." मी म्हटलं आई, मेस्त्री हा शब्दच यांचा, मेस्त्र. तिला ते माहीतच होतं, इतिहासाची बाई ती. मग तिची यादी सुरू झाली. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, बादली, पगार. "पगार पण?" नवरा. हो, पागार म्हणजे पैसे देणं. नवरा म्हणाला, मग महिन्याच्या शेवटी पोर्तुगीजांची आठवण काढायला हरकत नाही.

कॉफी काउंटरवर उभ्यानेच प्यायची, इथे सगळे तेच करतात, बसलं की भाव बदलतो बऱ्याच ठिकाणी. छोट्या कपातल्या कडक कॉफीला इथे बिका म्हणतात. सोबत पास्तेल द नाता, म्हणजे खारीसारख्या पापुद्र्यांच्या वाटीत पिवळं कस्टर्ड, वरून किंचित जळलेलं, त्यावर दालचिनीची पूड. आईने दोन खाल्ले. तिसरा अर्धा खाताना विचारलं की पिवळं कशाने आहे. अंड्याच्या बलकाने. आज शनिवार. दोन सेकंद शांतता, मग म्हणाली, "बेकरीतलं चालतं," आणि उरलेला अर्धा संपवला.

तिथून रुआ ऑगस्टाने सरळ नदीकडे. हा सगळा भाग म्हणजे बायशा, पट्टीने आखल्यासारखा, कारण तो खरंच पट्टीने आखलेला आहे. १ नोव्हेंबर १७५५, सगळ्या संतांचा सण, सकाळी पावणेदहाच्या सुमारास, चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या आणि भूकंप झाला. जे वाचले ते नदीकाठी मोकळ्यावर धावले तर नदीतून त्सुनामी आली, आणि मागे मेणबत्त्यांनी लागलेली आग बरेच दिवस जळत राहिली. राजघराणं त्या दिवशी शहराबाहेर बेलेंला होतं म्हणून वाचलं. राजा जुझे पहिला याने नंतर दगडी घराची अशी धास्ती घेतली की उरलेलं आयुष्य लाकडी बांधकामात काढलं. शहर परत उभं केलं ते त्याच्या मंत्र्याने, पोंबालने. भिंतींच्या आत लाकडाचे आडवे-उभे-तिरपे सांगाडे घातले, पिंजऱ्यासारखे, म्हणजे भूकंपात भिंत पडली तरी सांगाडा उभा राहील, आणि त्याचा नमुना तपासायला आजूबाजूने सैनिकांना धाडधाड कवायत करायला लावली म्हणतात. गल्ल्यांना धंद्यांची नावं दिली, सोनारांची, चांदीवाल्यांची, चांभारांची. आपल्या पेठांची आठवण येतेच.

शेवटी कमानीखालून बाहेर पडलो की एकदम उजेड आणि समोर तेजो नदी, नदी कसली, खाडीच. कमानीवरच्या पुतळ्यांत एक वास्को द गामा. चौकाचं नाव प्रासा दो कोमेर्सिओ, पण इथले लोक अजून राजवाड्याचा चौक असंच म्हणतात. राजवाडा १७५५ ला गेला, नाव राहिलं. राजवाड्यातच कासा द इंदिया म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी होती, ती कागदपत्रांसकट गेली. आई पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपली मिरी इथे उतरायची." १९०८ मध्ये याच चौकात राजा कार्लोस आणि युवराजाला गोळ्या घातल्या, दोन वर्षांत राजेशाहीच गेली, हे नवरा फोनमधून वाचून दाखवत होता पण आमचं लक्ष मिरीवर.

तिथून पूर्वेला पाच मिनिटांवर, बकालाव म्हणजे खारवलेला मासा विकणाऱ्यांच्या जुन्या रस्त्यावर, आज मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कासा दोस बिकोस. १५२३ सालचं घर, पुढची सगळी भिंत दगडाच्या टोकेरी चौकोनांनी भरलेली, जणू भिंतीला काटा आलाय. बांधलं ब्रास द आल्बुकेर्कने, आणि याचा बाप कोण तर आफोन्सो द आल्बुकेर्क, १५१० मध्ये गोवा घेणारा. ज्याच्या नावावरून आफोन्सो, आल्फोन्सो आणि मग आपला हापूस झाला म्हणतात तो. आई भिंतीसमोर उभी राहून म्हणाली, "म्हणजे हापूसच्या मुलाचं घर." एवढं म्हटल्यावर मला ती टोकं फणसाच्या सालीसारखी दिसायला लागली, आंबा राहिला बाजूला. भूकंपात वरचे दोन मजले गेले होते, ते १९८०च्या दशकात परत चढवले. आता आत जुझे सारामागो यांच्या नावाची संस्था आहे, १९९८ चं साहित्याचं नोबेल मिळालेले. दारासमोर एक ऑलिव्हचं झाड आहे, त्यांच्या गावाहून आणलेलं, त्याखाली त्यांच्या अस्थी. लोक येता जाता त्या कट्ट्यावर बसून सँडविच खातात. मला ते बरं वाटलं.

इथून चढ सुरू.

पहिला थांबा सांत आंतोनचं छोटं चर्च. आमच्या शेजारच्या मावशी कुपारी, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती समाजातल्या, दर वर्षी १३ जूनला त्यांच्याकडून आमच्याकडे ताट येतं. निघताना त्यांनी आईच्या हातात शंभराची नोट दिलेली, "त्याच्या जन्माच्या जागी माझ्या नावाची मेणबत्ती लाव." जग त्याला पदुआचा म्हणतं कारण तो १२३१ मध्ये तिथे वारला, पण लिस्बनवाल्यांना ते पटत नाही, जन्म इथला, चर्चखालच्या तळघरात ती जागा दाखवतात. मी म्हटलं मेणबत्तीचे युरो मी टाकते, नोट तू परत ने. आई ऐकेना. युरो टाकून मेणबत्ती लावलीच, आणि शंभराची नोट चार घड्या करून पेटीच्या फटीतून बोटाने ढकलली, अडकली तर माझ्या केसातली पिन काढून ढकलली. मागे रांग. "त्यांचे पैसे त्यांच्या देवाला पोचायला पाहिजेत." पेटी उघडणाऱ्याने गांधीजी बघून काय केलं असेल याची मला अजून उत्सुकता आहे.

वर लगेच से कॅथेड्रल. जुन्या गोव्याचं से बघितलं असेल तर नाव ओळखीचं वाटेल, पण हे दिसायला किल्ला जास्त. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो एन्रिकेस याने मूरांकडून, म्हणजे तेव्हाच्या मुसलमान राज्यकर्त्यांकडून, शहर घेतलं आणि लगेच हे बांधायला काढलं, त्यामुळे असेल. आत आम्ही पाचच मिनिटं, कारण पुढे नवऱ्याच्या नकाशात "नऊ मिनिटं" होती, सांता लुझियाच्या गच्चीपर्यंत. आम्हाला पस्तीस लागली. फूटपाथ एवढा अरुंद की एक माणूस कसाबसा मावेल, बाजूने २८ नंबरची पिवळी ट्राम करकरत जाते, हात लांब केला तर खिडकीतल्या माणसाशी शेकहँड होईल, आणि चढ असा की आईने तीन दुकानांत काहीही घ्यायचं नसताना टाइल्सचे भाव विचारले, फक्त उभं राहायला मिळावं म्हणून. मी आत्ताच सांगते, लिस्बनमध्ये अंतर बघू नका, उंची बघा. नकाशा कागदावर सपाट असतो, गुडघे कागदावर नसतात.

गच्ची मात्र वसूल. खाली आल्फामा या जुन्या वस्तीची लाल कौलं, पलीकडे नदी, बोगनवेलीचा मांडव. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या टाइल्सची दोन मोठी चित्रं आहेत, लोक त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. एकात भूकंपाआधीचा तो नदीकाठचा चौक आहे, राजवाड्यासकट. सकाळी जे नव्हतं ते इथे बघायला मिळालं. दुसऱ्यात ११४७ चा किल्ल्यावरचा हल्ला, आणि त्यात मार्टिम मोनिझ. दंतकथा अशी की मूर किल्ल्याचं दार बंद करत होते तेव्हा हा दाराच्या फटीत आडवा पडला, स्वतः चिरडला गेला पण दार बंद होऊ दिलं नाही. आमच्या खोलीजवळचा चौक त्याच्याच नावाचा. आईचं मत, हा यांचा बाजीप्रभू. नवऱ्याचं मत, बाजीप्रभूंनी वाट अडवली, याने वाट उघडी ठेवली, उलटं आहे. यावर दोघांची चांगली जुंपली, मी तेवढ्यात फोटो काढले.

किल्ला सोडला. आतलं बरंच बांधकाम सालाझार या हुकूमशहाच्या काळात, १९४० च्या आसपास नव्याने उभारलेलं आहे आणि रांग मोठी होती. वसईकराला किल्ल्याची काय कमी.

शनिवार-मंगळवार फैरा दा लाद्रा भरते, हा आपला चोर बाजारच, लाद्रा म्हणजे चोरटी. फडक्यावर पसरलेल्या जुन्या किल्ल्या, रेडिओ, बाहुल्यांची मुंडकी, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. जुन्या टाइल्स सुट्या विकायला होत्या, मोह झाला, घेतल्या नाहीत. घरांच्या भिंतींवरून टाइल्स उचकटून चोरण्याचा धंदा इथे चालतो, आपण घेतलेली कुणाच्या दारावरची असेल सांगता येत नाही. आईने एक पितळी घंटी घेतली, हातात मावेल एवढी. वसईच्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या त्या अजून नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला आहेत, त्यामुळे ती म्हणाली, "ही मात्र विकत घेतली, सांगून ठेवा."

बाजाराच्या खालीच पांढऱ्या घुमटाचं सांता एंग्रासिया, आता राष्ट्रीय स्मारक. १६८२ ला काम सुरू, घुमट पुरा झाला १९६६ ला. दोनशे चौऱ्याऐंशी वर्षं! पोर्तुगीजमध्ये न संपणाऱ्या कामाला "सांता एंग्रासियाचं काम" असंच म्हणतात. आमच्याकडच्या एका पुलाला हे नाव मी मनातल्या मनात देऊन टाकलं. आत फादो, म्हणजे इथली दर्दभरी गाणी, गाणारी आमालिया रोद्रिगेश आणि फुटबॉलवाला उझेबिओ यांच्या समाध्या, राष्ट्राध्यक्षांच्या बाजूला. गाणारी आणि खेळणारा, हे मला आवडलं.

जेवणाचं ऐका. एका खानावळीत बसलो, नाव कशाला. बसल्या बसल्या वेटरने पाव, ऑलिव्ह, चीज, लोणी आणून ठेवलं, काही न मागता. आई खूश, "काय अगत्य आहे." शनिवार असल्याने तिला बकालाव नको, सूप मागवलं ते काल्दो वेर्दे, बटाटा आणि कापलेला हिरवा पाला, तर त्यात सॉसेजची चकती तरंगत होती, ती नवऱ्याकडे गेली आणि सूप परत गेलं. मग तिने पाव आणि बटाटे खाल्ले, आणि अगत्याचं सगळं संपवलं. बिलात प्रत्येक वाटीचे पैसे लावलेले, पावाचे माणशी. ही इथली रीत आहे, नको असेल तर हात न लावता परत करायचं, हे मी वाचलेलं होतं आणि विसरले. आई म्हणाली, "पाव त्यांनीच दिला आपल्याला, आता वसूल करतायत."

उतरताना आल्फामाच्या पायऱ्या. चढापेक्षा उतार वाईट, गुडघेवाल्यांना विचारा. दोन्ही बाजूंनी वाळत घातलेले कपडे, दारात स्टूल टाकून बसलेल्या आज्या, एका घरातून मासे तळल्याचा वास आणि आईचा चेहरा. खाली सांता अपोलोनियाला मेट्रो धरली. पायी दिवस म्हटलं तरी धरली. बायशा-शियादो स्टेशनात उतरलो तर सरकते जिने एकावर एक, संपतच नाहीत, आणि शेवटच्या तोंडाशी बाहेर आलो तर थेट वरच्या टेकडीवर! आई इतकी खूश झाली की परत खाली जाऊन वर येऊया का विचारत होती. समोर कवी पेसोआचा खुर्चीत बसलेला ब्राँझचा पुतळा, पुढे १७३२ पासूनचं बेर्त्रांद पुस्तकांचं दुकान, तिथे आत जरा टेकलो, पुस्तकांचा वास घेतला, निघालो.

आणि मग कार्मो. १३८९ ला सुरू केलेला मठ, १७५५ ला छप्पर कोसळलं, ते परत घातलंच नाही. आत गेलो तर वर नुसत्या कमानी, माशाच्या बरगड्यांसारख्या, मधे उघडं आभाळ, खाली गवत. आई दारातच थांबली. मी पण. कारण हे आम्ही शंभर वेळा बघितलंय. वसईच्या किल्ल्यात अशीच बिनछपराची चर्चं आहेत, असाच वरून येणारा उजेड, फक्त आमच्याकडे भिंतीतून पिंपळ आलेत, क्रिकेट चालतं आणि प्री-वेडिंगवाले असतात. यांचं छप्पर भूकंपाने पाडलं, आमच्याकडचं लढाईने आणि नंतर दुर्लक्षाने. आई एका खांबाला हात लावून उभी राहिली, मग म्हणाली, "इतक्या लांब येऊन घरीच आल्यासारखं झालं." नवऱ्याला यात काय विशेष ते कळलं नाही, तो सांगलीचा.

बाहेरच्या चौकात जकरांदाची झाडं, कारंजं, शांतता. पण २५ एप्रिल १९७४ ला इथे लष्कराच्या चिलखती गाड्या होत्या. हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान कायतानो समोरच्या बराकीत अडकला होता आणि संध्याकाळी इथेच शरण आला, बंदुकीच्या नळीत लाल कार्नेशनची फुलं खोचलेली ती क्रांती हीच. आपला संबंध असा की गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केलं नव्हतं, या क्रांतीनंतर ३१ डिसेंबर १९७४ ला करार होऊन मान्य केलं. आईने बोटं मोजली. "तेरा वर्षं. रुसून बसले होते."

पाचला पायऱ्यांनी खाली. कोपऱ्यावर चेस्टनट भाजणाऱ्याचा पांढरा धूर, डझनाच्या हिशोबात कागदाच्या पुडीत, चव रताळं आणि शिंगाडा यांच्या मधली. साओ दोमिंगोस चर्चमध्ये डोकावलो, १९५९ ला आतून जळालेलं, खांब तडकलेले, ते तसेच ठेवलेत. बाहेर १५०६ मध्ये मारलेल्या ज्यूंचं स्मारक. तिथे जास्त बोलावंसं वाटलं नाही. शेजारी १८४० पासूनचं जिंजिन्याचं दुकान, आंबट चेरीची दारू, अंगठ्याएवढ्या ग्लासात. नवऱ्याने आणि मी घेतली. आईने वास घेतला, "कोकमाचं आगळ," आणि ग्लास परत दिला.

रात्री खोलीजवळच्या एका नेपाळी खानावळीत वरणभात, म्हणजे दालभात, पण आईच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी होतं. मालक हिंदीत गप्पा मारायला लागला, कुठे कुठे गेलात, चढ कसा काय चढलात. चालत, म्हटलं. तो म्हणाला, "क्यूँ? रुआ दोस फान्केइरोसमधे बिल्डिंगच्या आत लिफ्ट आहे ना, थेट किल्ल्याच्या बाजूला वर सोडते. थोडं चाललं की पुढच्या सुपरमार्केटमधे दुसरी लिफ्ट. फुकट."

फोन उघडून बघितलं. रुआ दोस फान्केइरोस आमच्या सकाळच्या रस्त्याला समांतर, तीन गल्ल्या पलीकडे.

आईने नवऱ्याकडे बघितलं. काही बोलली नाही, भातावर अजून थोडं वरण वाढून घेतलं. फोनवर आजचं चालणं चौदा किलोमीटर. उद्या बेलें, वास्को द गामाची कबर. सपाट आहे, असं नवरा म्हणतोय.